मोळी तिच्या डोक्यावर, फीसुद्धा तिच्याच डोक्यावर?

जळकोट तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर शिबिरं घेताना अलीकडे एक वेगळी मागणी कानावर येते आहे. शिलाई मशीन नको, पापडाचं प्रशिक्षण नको. ताई, आम्हाला गाडी शिकायची आहे, आणि तीही मोठी. ट्रक, टँकर, एस.टी. मागणी करणाऱ्या काही परित्यक्ता आहेत, काही विधवा, तर काही बारावीत नापास झालेल्या, लग्न पुढे ढकलायची धडपड करणाऱ्या मुली. या मागणीला सगळीकडून एकच उत्तर मिळतं. बँकेत जा, पंचायत समितीत जा, पुढाऱ्याकडे जा, उत्तर ठरलेलं: "बचत गटातून कर्ज घ्या आणि शिका." बाहेरच्यांनी असं म्हणण्याचं मला नवल वाटत नाही. आपल्याच चळवळीतल्या कार्यकर्त्याही हेच उत्तर देऊ लागल्या आहेत, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सरळ आहे. ट्रक चालवायला शिकण्यासाठी गरीब बाईने कर्ज काढू नये, आणि आपण तिला ते काढायला सांगू नये. तिच्या शिक्षणाचा खर्च ज्यांना चालक हवे आहेत त्यांनी करावा: एस.टी.ने, साखर कारखान्यांनी, वाहतूक कंपन्यांनी आणि सरकारने. हे भीक म्हणून मागायचं नाही, हक्क म्हणून मागायचं आहे.

ट्रकशी तिचं जुनं नातं

बाई आणि ट्रक म्हटलं की लोक हसतात. पण आमच्या भागातल्या बाईचा ट्रकशी संबंध काल-परवाचा नाही. जळकोट हा बालाघाटच्या डोंगररांगेतला, हलक्या जमिनीचा भाग. १९९९ साली त्याचा स्वतंत्र तालुका झाला, म्हणून पाणी काही वाढलं नाही. जळकोट, मुखेड, कंधार या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल दोघांच्या नावावर, हिशेब मात्र मुकादम आणि नवरा यांच्यात. फडात नवरा ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून तोल सावरत ट्रकवर चढते. असे दिवसाला किती फेरे होतात, ते तिच्या मानेला आणि कमरेला ठाऊक. ट्रक भरायला तिची मान चालते. ट्रक चालवायचा म्हटलं की मात्र तिचे हात नाजूक होतात!

रस्त्यांचंही तेच. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात कामं निघाली तेव्हा खडी फोडायला आणि माती वाहायला बाया हजारोंनी होत्या. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हाही त्या कामांवर बायकांची संख्या मोठीच राहिली. त्या रस्त्यांवरून आज जे ट्रक धावतात, त्यांच्या केबिनमध्ये बाई शोधूनही सापडत नाही.

पोराला फी का लागत नाही?

"पुरुष स्वतःच्या पैशाने शिकतात, बायकांनीच फुकट का शिकायचं?" असं विचारणारे भेटतात. त्यांना मी उलट विचारते: तुमच्या गावातल्या कोणत्या ड्रायव्हरने पैसे भरून ट्रक शिकला?

पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला, शाळेत मन रमेना, की मामा-काका त्याला गाडीवर घालतात. तो क्लीनर होतो. आपल्याकडे त्याला किन्नर म्हणतात. काचा पुसायच्या, हवा बघायची, ताडपत्री बांधायची, गाडी मागे घेताना हाळी द्यायची, उस्तादाचे कपडे धुवायचे. शिव्या आणि मारही खायचा. पण ढाब्यावर जेवण मिळतं, थोडा भत्ता मिळतो, आणि रिकाम्या रस्त्यावर उस्ताद एखाद्या रात्री स्टिअरिंग हातात देतो. तीन-चार वर्षांत पोरगा तयार होतो. शेवटी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधून कागद करून घेतले की झालं.

ही पद्धत चांगली आहे असं मी म्हणत नाही. ती पोरांचं शोषण करते आणि बेकायदा चालकही तयार करते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: या पद्धतीत शिकणाऱ्याला फी नाही. शिकवण्याचा खर्च धंद्याने उचललेला आहे, पोरगा तो श्रमाने फेडतो, आणि शिकता शिकता त्याचं पोटही भरतं. ट्रकधंद्याने पिढ्यान्‌पिढ्या आपले चालक असेच घडवले.

ही वाट बाईला बंद आहे. रात्री परक्या पुरुषाबरोबर केबिनमध्ये झोपून कोणती मुलगी तीन वर्षं उमेदवारी करेल? कोण करू देईल? म्हणून पुरुषाला जे काम करता करता मिळतं, ते बाईला रोख पैसे देऊन विकत घ्यावं लागतं. तिची फी हा काही निसर्गनियम नाही. पुरुषांनी पुरुषांसाठी घडवलेल्या धंद्यात शिरण्याचा तो दंड आहे, आणि तो तिने कर्ज काढून भरावा, असं आपण तिला सांगतो आहोत.

कायदा काय सांगतो आणि कर्ज काय सांगतं

आता कागदावरचा हिशेब करू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे हलक्या वाहनाचं लायसन अठराव्या वर्षी मिळतं. व्यावसायिक वाहन चालवायला वय वीस लागतं. आणि सर्वात महत्त्वाचं: हलक्या वाहनाचं पक्कं लायसन हाती येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रक-बससाठीचं शिकाऊ लायसनसुद्धा मिळत नाही. त्यानंतर मान्यताप्राप्त स्कूलमधलं प्रशिक्षण, त्याचा फॉर्म ५ चा दाखला, डॉक्टरांचा दाखला आणि मग चाचणी. २०२१ साली केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले, त्यांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरवला आहे.

सरकारी फी फार नाही. केंद्राच्या नियमांप्रमाणे शिकाऊ लायसनचे १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०, वाहन चाचणीचे ३०० आणि लायसनचे २००; एका वर्गाच्या वाहनाला सगळे मिळून ७००. खरा खर्च दुसरीकडे आहे. स्कूलची फी आहे. जड वाहन शिकवणारी स्कूल तालुक्याच्या गावी नसते, म्हणून लातूर-नांदेडला राहायचा खर्च आहे. लेकरं कुणाकडे ठेवायची हा प्रश्न आहे. आणि सर्वात मोठा खर्च कुणी मोजतच नाही, तो म्हणजे बुडालेली मजुरी. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सहा आठवड्यांचे ३६ दिवस, म्हणजे ११,२३२ रुपये. एवढी रक्कम ती एकही पैसा न भरता नुसती शिकायला बसली म्हणून गमावते.

यावर कर्ज काढलं तर काय होतं? फायनान्सवाल्याचा हप्ता पुढच्याच आठवड्यात सुरू होतो, बँकेचा पुढच्या महिन्यात. आणि ट्रकची कमाई? कायदाच सांगतो की मधे किमान एक वर्ष थांबायचं. शिकायला लागल्यापासून पहिला पगार हाती येईपर्यंत दीड वर्ष सहज जातं. त्यात चाचणीत एकदा नापास झाली, बाळंतपण आलं, घरात आजारपण आलं, की आणखी सहा महिने. दीड वर्ष कमाई न देणाऱ्या शिक्षणासाठी आठवड्याचा हप्ता भरायचा कशातून? दुसऱ्या कर्जातून. नाहीतर उचलीतून. म्हणजे ज्या ऊसतोडीतून सुटण्यासाठी ती गाडी शिकायला निघाली, त्याच फडात कर्ज तिला परत नेऊन सोडतं.

उचलीचा अर्थ आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. आधी पैसे घ्यायचे, मग अंगमेहनतीने फेडायचे, आणि हंगाम संपला तरी बाकी काही संपत नाही. शिक्षणासाठीचं कर्ज ही त्याच उचलीची सुशिक्षित बहीण आहे.

"फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही," असं आपल्या काही मैत्रिणी म्हणतात. मग पोलिस शिपायाला प्रशिक्षणाच्या काळात पगार का मिळतो? त्याला कुणी म्हणतं का, की आधी कर्ज काढून कवायत शीक, म्हणजे किंमत राहील? किंमत राहण्याची ही अट नेमकी गरीब बाईपाशी येऊनच कशी आठवते?

योजनांची जत्रा

योजना नाहीत असं नाही. त्या कुणासाठी आहेत ते बघितलं पाहिजे.

कौशल्य कर्ज योजना २०१५ साली आली, तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती. २०२४ मध्ये ती साडेसात लाख झाली. मर्यादा वाढली म्हणून टाळ्या वाजल्या. पण ते कर्जच. मुद्रा योजना गाडी घ्यायला, धंदा काढायला. शिकण्याच्या काळात घर चालवायला नव्हे. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात विद्यावेतन होतं, बारावी पास असेल तर महिन्याला ६,००० रुपये. पण किमान बारावी! दिवाळीपासून फडावर गेल्यामुळे आठवीतच शाळा सुटलेली मुलगी त्यात बसत नाही. गंमत अशी की व्यावसायिक लायसनसाठीची आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्येच काढून टाकली. म्हणजे ट्रक चालवायला शिक्षणाची अट नाही, ट्रक शिकण्यासाठी मदत घ्यायला मात्र आहे. पिंक ई-रिक्षा योजनेत सरकारचा वाटा २० टक्के, बाईचा १० आणि ७० टक्के पुन्हा बँकेचं कर्ज. तीही निवडक शहरांपुरती. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये साठवून शिका, असाही सल्ला मिळतो. १,५०० रुपये म्हणजे रोजगार हमीच्या दराने पाच दिवसांचीही मजुरी नाही.

एक दार मात्र खरंच उघडं आहे. जिल्ह्याच्या अग्रणी बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्यांना आर-सेटी म्हणतात, तिथलं प्रशिक्षण मोफत आणि निवासी असतं. त्यांच्या अभ्यासक्रमांच्या यादीत हलकं वाहन चालवण्याचा तीस दिवसांचा वर्ग आहे. आमच्या गटातल्या बायका एका ठिकाणी चौकशीला गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, "तो वर्ग पुरुषांचा, तुमच्यासाठी ब्यूटी पार्लर आहे." असा कोणताही नियम नाही. पंचवीस-तीस बायकांची यादी एकदम नेऊन दिली, लेखी उत्तर मागितलं, की भाषा बदलते.

ज्या शिकल्या त्या कशा शिकल्या?

योगिता रघुवंशी यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. नंदुरबारला वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, लग्नानंतर भोपाळला गेलेल्या. २००३ साली पती अपघातात गेले, त्यानंतर त्यांनी स्वतः स्टिअरिंग हातात घेतलं आणि देशभर ट्रक चालवला. त्यांच्या हिमतीला सलाम. पण त्यांच्या घरात वाहतुकीचा धंदा होता, ट्रक होते. ज्या बाईच्या घरात सायकलसुद्धा नाही, तिला "योगिताताईंकडे बघा" एवढंच सांगून भागत नाही.

त्यापेक्षा व्ही. सरिता यांचं उदाहरण आपल्या जवळचं. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यातल्या तांड्यावरची ही बंजारा मुलगी दिल्लीला आली, बायकांना चालक बनवणाऱ्या आझाद फाउंडेशनकडे शिकली आणि २०१५ मध्ये दिल्ली परिवहन महामंडळाची पहिली महिला बसचालक झाली. तिच्यामागे धंदेवाईक घर नव्हतं, संस्था होती. पुढे २०२२ मध्ये दिल्ली सरकारने महिला बसचालकांसाठी उंचीची आणि अनुभवाची अट शिथिल केली आणि बुराडीच्या केंद्रात एका वाहन कंपनीला बरोबर घेऊन बायकांना जड वाहनाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. सरकार आणि कंपनी दोघांना खर्चात उतरवता येतं, हे त्यातून दिसलं.

आपल्या एस.टी.नेही २०१९ मध्ये ते केलं. महिलांसाठी उंचीची अट १६० वरून १५३ सेंटिमीटरवर आणली, जड वाहनाच्या अनुभवाची अट सोडली आणि महामंडळाने स्वतःच प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. यवतमाळच्या आदिवासी मुलींसह दीडशेहून अधिक जणींची निवड झाली. मधे कोरोना आला, प्रशिक्षण रखडलं. अखेर जून २०२३ मध्ये सासवड-नीरा मार्गावर अर्चना अत्राम यांनी आणि सिन्नर-नाशिक मार्गावर माधवी साळवे यांनी प्रवाशांनी भरलेली एस.टी. चालवली. निवडीपासून गाडीपर्यंत चार वर्षं! सरकारी संस्था खर्च करत असतानाही चार वर्षं लागू शकतात, तर खाजगी कर्जावर शिकणाऱ्या बाईचं या चार वर्षांत काय झालं असतं, याचा विचार करा.

त्याच २०२३ च्या मार्चमध्ये एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. स्वागतच आहे. पण बाईला प्रवासी म्हणून सवलत देणं सोपं आणि चालक म्हणून जागा देणं अवघड का? १९९४ च्या महिला धोरणाने नोकऱ्यांत ३० टक्के राखीव जागांची भाषा आणली, त्याला तीस वर्षं उलटली. चालकाच्या जागा राखीव ठेवून शिकवायची सोय केली नाही, तर त्या रिकाम्या राहतात. मग "पात्र महिला उमेदवार मिळाल्या नाहीत" असा शेरा मारून जागा वळवायला साहेब मोकळे.

पैसे कुणी द्यायचे?

"सगळं खरं, पण पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न आपल्याला गप्प करण्यासाठी विचारतात. तेव्हा आपण नाव घेऊन सांगायला शिकलं पाहिजे.

पहिलं, धंदा. २०१९ साली आठवीची अट काढताना केंद्र सरकारनेच सांगितलं की देशात सुमारे २२ लाख चालकांची तूट आहे. चालक त्यांना हवे आहेत. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ प्रमाणे तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं आणि त्यांना विद्यावेतन देणं बंधनकारक आहे. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाला ठरलेल्या यादीबाहेरचा व्यवसायही शिकवता येतो. मग साखर कारखाना, दूध संघ, वाहतूक कंपनी यांनी बायकांना चालक म्हणून उमेदवारीवर का घेऊ नये? किन्नर म्हणून पोराला जे मिळतं, तेच बाईला कायद्याच्या चौकटीत, दिवसाउजेडी आणि विद्यावेतनासह मिळावं, एवढीच मागणी आहे. ट्रकच्या केबिनला ए.सी. बसवण्याची सक्ती सरकारने ऑक्टोबर २०२५ पासून केली. ए.सी.ची सक्ती करता येते, तर बाईला शिकवण्याचीही करता येईल.

दुसरं, ऊस. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. पाच लाख टन गाळप करणारा एक कारखाना धरला तर त्याचे ५० लाख आणि सरकारचे ५० लाख. तो पैसा त्या मोळ्यांचाच आहे. मोळ्या वाहणाऱ्या बायांना आणि त्यांच्या मुलींना त्यातून गाडी शिकवा. हंगामात शिकवू नका, पावसाळ्यात शिकवा, जेव्हा त्या गावी असतात.

तिसरं, स्थानिक संस्था. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. वर्षानुवर्षं त्यातून शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरण्या वाटल्या. एका वाडीत दहा-दहा मशीन झाल्या. कपडे शिवायचे कुणाचे? त्याच पैशातून हलक्या वाहनाचं प्रशिक्षण, लायसनची फी, शहरात राहायची सोय आणि लेकरांसाठी पाळणाघर होऊ शकतं.

सुरक्षिततेचं सोंग

शेवटी एक आक्षेप उरतो: रस्त्यावर बाई सुरक्षित नाही. खरं आहे, नाही. ती फडावरच्या कोपीतही सुरक्षित नाही, पण तिथे जाताना तिला कुणी अडवत नाही. दोन जणींची जोडी, दिवसाच्या फेऱ्या, ठरलेले थांबे, तिथे स्वच्छतागृह, या मागण्या आपण केल्याच पाहिजेत. पण सुरक्षितता ही शिकू न देण्याची सबब होता कामा नये. शिवाय पहिल्या वर्षी तिला रातोरात मुंबईला जायचं नाहीच. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. म्हणजे वय वीस पूर्ण असेल तर ते थांबायचं वर्ष रिकामं जायला नको. दुधाची गाडी, भाजीचा पिकअप, खताचा छोटा टेम्पो. जळकोट ते उदगीर, घोणसी ते जळकोट. हात बसतो, गावाला सवय लागते, कमाई सुरू होते.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या संघटनांपुढे मी एवढंच काम ठेवते. पुढच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठराव घ्या: १० टक्के निधीतून या वर्षी वाहन प्रशिक्षण. आर-सेटीकडे नावांची यादी एकत्र न्या, एकटीला पाठवू नका. कारखान्याला आणि एस.टी.च्या विभाग नियंत्रकांना शिकाऊ उमेदवारीसाठी लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. गटाची बचत शिकणारीला उसनी देऊ नका. ती शिकत असताना तिची लेकरं सांभाळा, तिच्याबरोबर आर.टी.ओ.त जा, घरच्यांशी बोला. आणि कुणी तिच्यापुढे अर्ज ठेवला, तर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवा. त्यात 'विद्यावेतन' लिहिलं असेल तर अंगठा नको, तिची सही घ्या. 'कर्ज' लिहिलं असेल तर तो अर्ज तसाच कोरा परत करा, आणि सोबत आपल्या मागण्यांचं निवेदन द्या.